रेशमाच्या नादात एका चित्रकारानं अमेरिकेत सुरवंट सोडला, त्याला खायला युरोपातून भुंगेरे मागवावे लागले

जून संपत आलाय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक ओकचं झाड. खोडावर दोन इंच लांबीचा केसाळ सुरवंट पडून आहे. पाठीवर निळ्या ठिपक्यांच्या पाच जोड्या, त्यामागं लाल ठिपक्यांच्या सहा. रात्रभर पानं खाऊन गडी सुस्तावलाय.

तेवढ्यात खालून एक काळी, चपटी अळी तुरुतुरु चढत येते. सुरवंटाच्या निम्मीही नाही. ती त्याला धडकते आणि कोयत्यासारखे दोन जबडे त्याच्या अंगात रुतवते. सुरवंट पिळवटतो, अंग झटकतो, अळीला हेलकावे देतो. अळी काही सोडत नाही. थोड्या वेळानं सुरवंट गार पडतो आणि शेवटी उरतं ते फाटकं कातडं.

आता यातली गंमत अशी की सुरवंटही अमेरिकेचा नाही आणि अळीही अमेरिकेची नाही. दोघं मूळचे युरोपातले. सुरवंट तिथं पोचला एका माणसामुळं, आणि अळीला तिथं न्यावं लागलं ते त्याच माणसानं करून ठेवलेल्या उद्योगामुळं.

हा माणूस कोणी शेतकरी नव्हता, व्यापारी नव्हता. तो चित्रकार होता. आकाशातल्या ग्रहताऱ्यांची त्यानं काढलेली चित्रं आजही लोक भिंतीवर लावतात. चंद्रावर त्याच्या नावाचं एक विवर आहे, मंगळावर एक आहे. त्याचं नाव एतिएन लिओपोल्ड त्रुव्हलो.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे पतंगाचं पिल्लू असो की भुंगेऱ्याचं, दोघांनाही सरसकट अळी म्हणायची पद्धत आहे. इथं तसं केलं तर कोण कुणाला खातंय तेच कळणार नाही. म्हणून पतंगाच्या पिल्लाला सुरवंट म्हणू आणि भुंगेऱ्याच्या पिल्लाला अळी.

तर त्रुव्हलोचा जन्म २६ डिसेंबर १८२७ चा, उत्तर फ्रान्समधला. तरुणपणी तो लोकशाहीवाद्यांच्या बाजूचा. १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियननं सत्ता बळकावली आणि पुढच्याच वर्षी स्वतःला सम्राट घोषित केलं. विरोधात असलेल्यांना देशात राहणं अवघड झालं. त्रुव्हलोही बाहेर पडला, अमेरिकेत पोचला आणि १८५७ च्या सुमारास बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावात मर्टल स्ट्रीटवर बायको-पोरांसह स्थिरावला.

पोटापाण्यासाठी तो चित्रं काढायचा, दगडावर चित्र काढून छापायची लिथोग्राफी करायचा. पण जीव अडकलेला किड्यांमध्ये.

त्या काळात रेशीम हा विषय गाजत होता. युरोपातल्या रेशीमकिड्यांना पेब्रिन नावाचा रोग लागला होता. फ्रान्समधले शेतकरी देशोधडीला लागले होते, सरकारनं लुई पाश्चरला त्या कामावर बसवलं होतं. इकडे अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेचा कापूस उत्तरेला मिळेनासा झाला. अशा वेळी अमेरिकेच्या जंगलातच एखादा दणकट रेशीमकिडा सापडला तर सोनंच की.

त्रुव्हलोनं वेगवेगळे रानटी पतंग पाळून बघितले आणि शेवटी एकावर शिक्कामोर्तब केलं. त्याचं नाव पॉलिफेमस. हातभर नाही, पण तळहाताएवढा तरी मोठा पतंग. हा आपल्या टसरच्या पतंगाचा अगदी जवळचा नातलग, दोघं एकाच अँथेरिया कुळातले. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर ज्यांनी टसरचे किडे पाळलेले बघितलेत, त्यांना त्रुव्हलो काय करत होता ते लगेच डोळ्यासमोर येईल. फरक इतकाच की ऐनाच्या जागी ओक.

१८६० च्या आसपास मोजक्या सुरवंटांपासून त्यानं सुरुवात केली. पाचेक वर्षांत घरामागच्या पाच एकर झाडीवर त्यानं जाळी टाकली होती. पक्षी आत येऊ नयेत म्हणून. आत त्याच्या स्वतःच्या अंदाजानं दहा लाख सुरवंट चरत होते.

आणि गडी नुसता पाळत नव्हता, मोजत होता. १८६७ साली एका विज्ञान मासिकात त्यानं या किड्यावर लेखमाला लिहिली. त्यात त्यानं हिशोब मांडला की एक सुरवंट ५६ दिवसांत ओकची १२० पानं खातो, म्हणजे जन्माच्या वेळच्या वजनाच्या ८६ हजार पट अन्न. एक किडा दिवसाला किती खातो हे पान-पान मोजून लिहिणारा माणूस किती चिकट असेल याची कल्पना करा. हे मोजमाप लक्षात ठेवा, पुढं त्याचा उलटा हिशोब येणार आहे.

१८६० चं दशक संपत आलं असताना त्यानं युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणली. शास्त्रीय नाव लायमँट्रिया डिस्पार. इंग्रजीत त्याला कित्येक वर्षं जिप्सी मॉथ म्हणत. हा शब्द रोमा समाजाला हिणवणारा आहे म्हणून अमेरिकेतल्या कीटकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये ते नाव काढून टाकलं आणि २०२२ मध्ये स्पंजी मॉथ हे नवं नाव घेतलं. मादी अंडी घालते त्यांचा पुंजका पिवळसर केसांनी झाकलेला असतो, तो दिसतो स्पंजसारखा, म्हणून.

का आणली ही अंडी? रेशीमकिड्याशी संकर करून रोगाला दाद न देणारी जात तयार करायची होती, असं नेहमी सांगितलं जातं. आज आपल्याला हे दोन पतंग किती लांबचे ते माहीत आहे, त्यांचा संकर होणं शक्यच नाही. पण त्या काळी या पतंगाला रेशीमकिड्याच्याच बॉम्बिक्स कुळात घालायची पद्धत होती. नावातच भावकी दिसत असेल तर माणूस लग्न जुळवून बघणारच.

१८६८ किंवा १८६९. यातले काही किडे निसटले.

कसे निसटले याच्या दोन कथा सांगतात. वाऱ्यानं जाळी फाटली ही एक, आणि खिडकीत ठेवलेली अंडी उडून गेली ही दुसरी. काही असो, किडे मर्टल स्ट्रीटच्या मागच्या झाडीत गेले.

इथं त्रुव्हलोच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बहुतेक ठिकाणी त्याला नुसता निष्काळजी खलनायक करून सोडून देतात. त्यानं हे लपवलं नाही. त्याला युरोपातला हा किडा माहीत होता, तिथं तो अधूनमधून बागा-जंगलं फस्त करतो हेही माहीत होतं. त्यानं आधी स्वतः किडे शोधून मारायचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा जाहीरपणे सांगून टाकलं. १८७० मध्ये चार्ल्स रायली या नावाजलेल्या कीटकतज्ज्ञानं छापूनही टाकलं की मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासकाच्या हातून असा असा पतंग सुटलाय. नाव दिलं नव्हतं, पण बातमी तर होती.

कुणी काही केलं नाही. करणार तरी कोण? परदेशातून येणारी झाडं आणि त्यांच्यासोबतच्या किडी अडवण्यासाठी अमेरिकेत देशपातळीवरचा कायदा झाला तो १९१२ साली. १८७० मध्ये एका गल्लीतल्या चार सुरवंटांसाठी कोण धावणार?

त्रुव्हलोचा किड्यांवरचा जीव मात्र यानंतर उडाला तो उडालाच. त्यानं मान वर केली आणि आकाश बघायला लागला. तसा तो आधीपासून बघत होताच, १८६८ च्या नोव्हेंबरातल्या उल्कावर्षावाचं त्याचं चित्र आहे. १८७० मध्ये उत्तरेच्या आकाशात रंगीत अरोरा दिसला, तो त्यानं कागदावर उतरवला. त्याचं अरोराचं काम हार्वर्डच्या वेधशाळेचे संचालक जोसेफ विनलॉक यांच्या नजरेत आलं. १८७२ मध्ये त्यांनी त्याला वेधशाळेतच कामाला बोलावलं. त्रुव्हलोनं मेडफर्ड सोडलं आणि शेजारच्या केंब्रिजला राहायला गेला.

त्याची पद्धत किडे मोजायच्या पद्धतीसारखीच होती. दुर्बिणीच्या नेत्रभिंगात बारीक चौकटींची जाळी बसवायची, कागदावर तशाच चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीत जे दिसेल ते जसंच्या तसं त्या चौकटीत काढायचं. १८७५ मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेची २६ इंची दुर्बीण वापरायचं आमंत्रण आलं. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण होती. दोन वर्षांनी याच दुर्बिणीतून मंगळाचे दोन चंद्र सापडले. १८७८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला तो पार वायोमिंगमधल्या क्रेस्टनला गेला.

१८८२ मध्ये स्क्रिब्नर प्रकाशनानं त्याची निवडक १५ चित्रं रंगीत छापून काढली. सूर्यावरचे डाग, गुरू, शनी, १८८१ चा मोठा धूमकेतू, आकाशगंगा. पुढं फोटोग्राफी आली, ही चित्रं जुनी वाटायला लागली आणि कित्येक वाचनालयांनी ती काढून टाकली. आज एखादा पूर्ण संच सापडला तर मोठी बातमी होते.

त्याच वर्षी त्रुव्हलो फ्रान्सला परत गेला. पॅरिसजवळच्या मदाँ वेधशाळेत ज्यूल जान्सेन यांच्या हाताखाली काम करू लागला. १८८३ मध्ये प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटावर ग्रहण बघायला जान्सेन यांच्यासोबत गेला. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ एखादा ग्रह आहे का, हे त्यानं तिथं शोधून बघितलं. अर्थात तसा ग्रह नाहीच. विजेच्या ठिणगीची छाप थेट फोटोच्या काचेवर घ्यायचे प्रयोगही त्यानं केले, त्या नक्षीला आजही त्याच्या नावानं ओळखतात.

आणि तिकडे मर्टल स्ट्रीटवर?

सुरुवातीची दहा-बारा वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. या पतंगाची युरोपातली मादी उडत नाही, त्यामुळं पसरायला वेळ लागतो. पण नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू रेशमाच्या धाग्याला लटकतं आणि वाऱ्यावर उडून जातं. एका पुंजक्यात शेकडो अंडी. एक सुरवंट मोठा होईपर्यंत साधारण एक चौरस मीटर पानं फस्त करतो. पुढचं गणित तुम्हीच करा.

१८८९ च्या उन्हाळ्यात गणित जुळलं. मेडफर्डमध्ये फळझाडं, सावलीची झाडं, सगळी बोडकी झाली. सुरवंट भिंतींवर, दारांवर, पदपथांवर. चालताना पायाखाली चिरडायचे. घरात शिरायचे, अंथरुणात सापडायचे. केस लागून लोकांच्या अंगावर पुरळ उठायचं. रात्री शांत झालं की लाखो जबड्यांचा पानं कुरतडण्याचा आवाज घरात ऐकू यायचा, आणि त्यांच्या लेंड्या पावसाच्या बारीक सरीसारख्या पडायच्या.

तोवर गावातल्या लोकांना वाटत होतं की हा इथलाच कुठलातरी किडा आहे. नमुने अॅमहर्स्टच्या कृषी संशोधन केंद्राकडे गेले. तिथले प्राध्यापक चार्ल्स फर्नाल्ड त्या वेळी युरोपात होते. पण त्यांच्या पत्नी मारिया फर्नाल्ड स्वतः पतंगांच्या जाणकार. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं पुस्तकं चाळून किडा ओळखला. युरोपातला लायमँट्रिया डिस्पार. मग लोकांना वीस वर्षांपूर्वी त्या गल्लीत राहणारा फ्रेंच चित्रकार आठवला.

१८९० मध्ये राज्य सरकारनं किडा मुळासकट संपवायचं ठरवलं. माणसं झाडावर चढून अंड्यांचे पुंजके खरवडायची, त्यांवर क्रिओसोट चोपडायची. खोडांना गोणपाटाचे पट्टे बांधायची, दिवसा सुरवंट त्याखाली लपायला आले की मारायची. झाडी जाळली. विषारी फवारे मारले, पण तेव्हाच्या विषानं पानंच करपायची, म्हणून याच मोहिमेत लेड आर्सेनेट हे नवं विष तयार झालं. पुढं पन्नास वर्षं ते जगभरच्या सफरचंदाच्या बागांवर मारलं गेलं. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही. त्या जुन्या बागांच्या मातीत ते अजून सापडतं.

दहा वर्षं, दहा लाख डॉलरहून जास्त खर्च. किडे खरोखर इतके कमी झाले की आमदारांना वाटलं, आता कशाला पैसे घालायचे? १९०० साली मोहीम बंद केली. १९०५ पर्यंत किडा पुन्हा जोरात आणि आधीपेक्षा मोठ्या भागात.

त्रुव्हलोनं हे काही बघितलं नाही. २२ एप्रिल १८९५ रोजी तो मदाँमध्येच वारला होता.

१९०५ मध्ये अमेरिकन सरकारचे मुख्य कीटकतज्ज्ञ लेलंड हॉवर्ड युरोपात गेले. डोक्यात साधा विचार होता. हा किडा युरोपातही आहे, मग तिथं दरवर्षी जंगलं का संपत नाहीत? कारण तिथं त्याला खाणारे आहेत. ते खाणारेच घेऊन येऊ.

त्यांतला सगळ्यात देखणा होता कॅलोसोमा सायकोफँटा. इंचभर लांबीचा भुंगेरा, पाठ हिरव्या-सोनेरी धातूसारखी चमकणारी, हातात धरला तर घाण वास सोडणारा. याला आपण सुरवंटखाऊ भुंगेरा म्हणू. भुंगेरे नेहमी जमिनीवर शिकार करतात असं आपल्याला वाटतं, हा मात्र झाडावर चढतो. आणि त्याची अळीही चढते.

फ्रान्समध्ये ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. अठराव्या शतकात रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञानं ओकवरच्या सुरवंटांच्या जाळ्यात शिरून बसलेल्या या अळ्या बघितल्या होत्या. जाळ्यात शेकडो सुरवंट, म्हणजे अळीला पंक्तीचं जेवण. रेओम्युरला दिसलं की ती इतकं खाते की अंगावरचे काळे पत्रे एकमेकांपासून दूर होतात, कातडं ताणलं जातं, आणि तिला हलताही येत नाही. मग तिच्याच जातीची एखादी लहान, भुकेली अळी येते आणि तिलाच फाडून खाते. १८४० मध्ये प्वातिए शहरात ब्वाझिरो नावाच्या गृहस्थानं हेच भुंगेरे गोळा करून रस्त्याकडेच्या पॉप्लरवर सोडले होते. कशावर? याच स्पंजी मॉथच्या सुरवंटांवर. त्रुव्हलो तेव्हा बारा वर्षांचा, त्याच देशात.

१९०५ ते १९१० या काळात सुमारे चार हजार भुंगेरे जहाजानं अमेरिकेत आले. बरेचसे वाटेत मेले. उरलेले बोस्टनजवळच्या प्रयोगशाळेत वाढवून जंगलात सोडले. हे काम ए. एफ. बर्जेस यांच्याकडे होतं आणि १९११ मध्ये त्यांनी या भुंगेऱ्यावर जो अहवाल लिहिला, तो आजही या विषयातला पाया मानतात. त्रुव्हलोनं एक सुरवंट किती पानं खातो ते मोजलं होतं. बर्जेस यांनी मोजलं, एक अळी किती सुरवंट खाते.

उत्तर आहे साधारण ५०. दोन आठवड्यांत. आणि हे ५० म्हणजे लहान पिल्लं नव्हेत, पूर्ण वाढलेले सुरवंट.

हे ती कसं करते? मादी भुंगेरा उन्हाळ्यात मातीत अंडी घालते. काही दिवसांत अळी निघते. अंगावरचे पत्रे काळे आणि कडक होईपर्यंत मातीत थांबते आणि मग बाहेर येऊन पळत सुटते. तिला लांबचं फारसं दिसत नाही. जमिनीवर, खोडावर, फांदीवर सैरावैरा फिरायचं आणि सुरवंटाला धडक बसली की जबडे मारायचे, एवढी तिची युक्ती. पायांसोबत शेपटाकडच्या टोकाचा टेकू देत ती सरळ खोडावर चढते. पहिल्याच दिवशी ती आपल्यापेक्षा कितीतरी पट मोठ्या सुरवंटावर तुटून पडू शकते.

सुरवंटाचे केस हे त्याचं चिलखत. बहुतेक पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. आपल्याकडेही केसाळ सुरवंट खाणारे म्हटले की पावशा, चातक अशी मोजकीच नावं येतात. अळीला त्या केसांचं काही वाटत नाही. तिचे जबडे केसांच्या मधून दोन वळ्यांमधल्या पातळ कातड्यात जातात. मग ती जखमेत पोटातला पाचक रस ओतते. म्हणजे अन्न पोटात गेल्यावर पचवायचं असं नाही, आधी बाहेरच पचवायचं आणि तयार झालेला रस ओढून घ्यायचा. जबडे हलवत, चिरडत, रस ओतत आणि पीत ती आतलं सगळं रिकामं करते. तोंड इवलंसं असताना एवढा मोठा प्राणी संपवता येतो तो यामुळंच.

भरपूर सुरवंट असले तर ती एक अर्धवट टाकून दुसऱ्याला धरते. म्हणजे जेवढे खाल्ले त्याहून मेलेले जास्त. मोहिमेच्या दृष्टीनं ही नासाडी म्हणजे बोनसच. पण प्रयोगशाळेत हीच खोड डोकेदुखी, कारण दोन अळ्या एका डब्यात ठेवल्या तर थोड्या वेळानं एकच उरते. प्रत्येकीला वेगळी खोली द्यावी लागते.

यात वेळेचं गणितही आहे. अळी वाढेपर्यंत बरेचसे सुरवंट कोष करायला लागलेले असतात. फांदीच्या खाली, सालीच्या फटीत, गोणपाटाच्या पट्ट्याखाली घोळक्यानं. कोषातला जीव पळू शकत नाही, झटके फारसे देऊ शकत नाही. अळीसाठी ते वाढून ठेवलेलं ताट. वर्षभरात झालेल्या सगळ्या अळ्यांची खरी कत्तल इथं होते. दोन आठवडे झाले की अळी पूर्ण वाढून मातीत उतरते, तिथंच भुंगेरा होते आणि पुढच्या जूनपर्यंत बाहेर येत नाही. मोठा भुंगेरा दोन ते चार वर्षं जगतो, पण वर्षाचे दहा-अकरा महिने मातीत झोपलेला असतो. वर असतो तेवढे पाच-सहा आठवडे नुसता खातो.

भुंगेरा अमेरिकेत रुजला. आज न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये तो सहज दिसतो. मग प्रश्न मिटला का?

नाही. १९८१ मध्ये या सुरवंटानं अमेरिकेत जवळपास १ कोटी २९ लाख एकरांवरची झाडं बोडकी केली. भुंगेरे होते तरीही.

कारण अळीला पोट भरायला ५० सुरवंट लागतात, आणि तिला ते धडकून सापडतात. जंगलात सुरवंट थोडे असतील तर ती उपाशी मरते. म्हणून सुरवंट वाढले की भुंगेरे वाढतात, पण एक-दोन वर्षं मागून. वणवा लागल्यावर बंब येतो, तो विझवायला खूप मदत करतो, पण वणवा लागूच नये यासाठी त्याचा उपयोग नसतो. याच कारणानं त्यानं दुसऱ्या कुणाचं फारसं वाटोळंही केलं नाही. वर्षातले थोडेच दिवस वर असणारा आणि सुरवंटांची गर्दी लागणारा प्राणी, तो सगळ्या जंगलाला पुरून उरणार नाही.

सोबत आणलेल्या सगळ्यांबद्दल असं म्हणता येत नाही. १९०६ पासून युरोपातून एक माशीही आणून सोडली होती, नाव कॉम्प्सिल्यूरा. ही आपली पिल्लं सुरवंटाच्या अंगात सोडते आणि ती त्याला आतून खातात. अडचण अशी की तिला कुठलाही सुरवंट चालतो, शेकडो जातींचे. स्पंजी मॉथवर तिनं फारसा परिणाम केला नाही. पण अमेरिकेतले मोठे रानटी रेशीम-पतंग, सिक्रोपिया वगैरे, कमी होत गेले त्यामागं ही माशी असल्याचं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे त्रुव्हलो ज्या पतंगांच्या रेशमाची स्वप्नं बघत होता, त्यांचेच भाऊबंद त्याच्या सुटलेल्या किड्यावरच्या उपायात मारले गेले.

सुरवंटाला खरा दणका दिला तो एका बुरशीनं. जपानमधली ही बुरशी १९१०-११ मध्ये आणून बघितली होती, तेव्हा ती रुजली नाही असंच वाटलं. मग अचानक १९८९ मध्ये, मेडफर्डच्या त्या उन्हाळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, न्यू इंग्लंडमध्ये सुरवंट झाडांवर लटकलेल्या अवस्थेत मेलेले दिसायला लागले. पाऊस चांगला झाला की बुरशी सुरवंटांना संपवते. कोरडी वर्षं लागोपाठ आली की सुरवंट पुन्हा वर येतात, आणि त्यांच्या मागून भुंगेरे.

त्या जंगलात कधी गेलात तर खोडावरचे रिकामे कोष बघा. पतंग नीट बाहेर पडला असेल तर कोषाच्या डोक्याकडचं टोक व्यवस्थित उघडलेलं असतं. पण कोष कडेनं ओरबाडून मोठं वेडंवाकडं भोक पाडलेलं दिसलं तर समजा, रात्री तिथं अळी येऊन गेली.

आणि त्रुव्हलोच्या नावाचं विवर बघायचं असेल तर चंद्राच्या उत्तरेला आल्प्स पर्वताची दरी शोधायची. तिच्या दक्षिणेला, जेमतेम नऊ किलोमीटर रुंदीचं, चांगल्या दुर्बिणीतून दिसतं.